बदली हुंकार

१

त्या दिवशी सकाळपासून ऊन होतं, पण त्याला धार नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. खाडीकडनं पातळ धुकं आलं होतं, ते कोपरखैरण्याच्या घरांवर बराच वेळ बसून राहिलं आणि मग हळूच उठून गेलं. वारा अजिबात नव्हता. समोरच्या तारेवरचं लुगडं हलत नव्हतं. अशा पडलेल्या हवेत आवाज फार लांबनं येतात. पलीकडच्या गल्लीत कुणी भांडं आपटलं तर आपल्याच मोरीत पडलं असं वाटतं. मी आपला पुढच्या खोलीत दुर्गाबाईच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं. तसं कारण काही नव्हतं. चहा झाला होता, तिची पाठ पुसून झाली होती, ऊन खिडकीतनं तिच्या पायावर आलं होतं. माणसाला आणखी काय लागतं.

आमचं घर सिडकोचं. वर मजला चढवलाय, तिथं मुलगा दिलीप आणि सून शर्मिला राहतात. खाली आम्ही दोघं म्हातारी. पुढं ही खोली, मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं मोरी. स्वयंपाकघराची भिंत अर्धी आमची आणि अर्धी मेहरुनची. मेहरुन आमची शेजारीण, मूळची श्रीवर्धनकडची. ती पलीकडं हसली तर इकडं आमचे डबे वाजतात.

मी साताऱ्याकडचा. उमर सगळी तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहण्यात गेली. शाळा नाही. गोण्यांवर शाईनं मारलेली नावं बघून बघून अक्षरं ओळखीची झाली, मोडकंतोडकं लिहायलाही यायला लागलं, तेवढंच.

२

आमच्याकडं एक रीत आहे. कुणी गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. सांगणारा जरा थांबला की हूं म्हणायचं. हुंकार आला नाही की गोष्ट तिथंच थांबते, मग कितीही रंगात आलेली असू दे. ऐकणारा झोपला तर सांगायचं कुणाला?

मी मार्केटातनं आलो की पाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो आणि दिवसभराचं सांगायचो. मुकादम कसा चिडला, कांद्याच्या गाडीत साप कसा निघाला. दुर्गाबाई ओट्याकडं तोंड करून भाकरी थापायची. माझ्याकडं बघायची नाही. पाठ करूनच हूं म्हणायची. पण तिच्या हूंमध्ये सगळं असायचं. खोल, लांब हूं म्हणजे पटलं. आखूड हूं म्हणजे थापा मारताय. शेवटी वर जाणारा हूं म्हणजे, मग, पुढं काय झालं?

गेल्या पावसाळ्यात तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातनं शब्द म्हणून येईना. पण एक दिवस दवाखान्यातनं घरी आणल्यावर मी तिला सांगत होतो की मेहरुननं तुझ्यासाठी मऊ भाताचं खिमट करून पाठवलंय, तर कॉटवरनं आवाज आला. हूं. वर जाणारा.

मी खुर्चीतच रडलो. सगळं गेलं होतं आणि हूं तेवढा राहिला होता. खरं सांगतो, मला तेवढा पुरत होता. रोज दुपारी मी सांगायचो आणि ती हूं द्यायची. आमचा संसार परत पहिल्यासारखा चालू झाला होता.

३

वाशीला दवाखान्यात श्रुती मॅडम आहेत. बोलायला शिकवतात. त्यांनी शर्मिलाला एका ॲपचं नाव लिहून दिलं. त्यात चित्रं असतात. आजारी माणसानं पाण्याच्या ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल म्हणतो, मला पाणी पाहिजे. चांगलीच गोष्ट होती.

त्या दिवशी सकाळी शर्मिला डबा भरता भरता माझ्या मोबाईलमध्ये ते टाकत होती.

"आबा, याला आधी यांच्या अटी मान्य करायला लागतात."

"कसल्या अटी?"

"असतात हो. परवाना का काय ते. कोणी वाचत नाही. खाली जायचं आणि मान्य दाबायचं. मी तर लग्नात अक्षता टाकाव्यात तशी दाबत सुटते."

"नवरा-नवरी न बघता?"

"आबा!" ती हसली. मग तिचं बोट थांबलं. "अगं बाई. हे दाबलंच जात नाही. पूर्ण ऐकल्याशिवाय मान्य करता येणार नाही म्हणे. पेशंटचं ॲप ना, म्हणून असेल. ऐका, मला उशीर होतोय. हे इथं दाबलं की तो मोबाईल वाचून दाखवेल. तुम्ही ऐकत बसा. शेवटी हिरवं बटण येईल, ते दाबा. जमेल?"

"न जमायला काय झालं? कुणी एवढं वाचून दाखवतंय, तर ऐकून घेऊ की."

"धन्य आहात. अटी ऐकणारे जगात पहिलेच असाल."

ती गेली. दिलीप सकाळच्या शिफ्टला आधीच गेला होता. घरात आम्ही दोघं. मी मोबाईल कॉटच्या कडेला पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सांगितलं होतं तिथं दाबलं.

४

बाईचा आवाज होता. मला वाटलं होतं मशीनसारखा खणखणीत असेल, पण नाही. पोक्त बाई, जरा दमलेली. मधे मधे श्वास घेत होती. कोकणातली असावी, हेल तसा होता. शब्द मात्र कचेरीतले. वापरकर्ता. परवाना. अमर्याद काळासाठी. हस्तांतरणीय नाही. मला अर्थ लागत नव्हता, पण ती वाचत छान होती. शांतपणे, एक एक वाक्य खाली ठेवत.

वाक्य संपलं की ती थांबायची. आणि मी हूं म्हणालो.

मुद्दाम नाही म्हणालो. सवयच ती. एखादा माणूस सांगतोय, थांबलाय, आपण गप्प बसायचं हे मला उद्धटपणाचं वाटतं, मग तो मोबाईलमधला का असेना. दुर्गाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि अर्ध्या तोंडानं हसली. पुढच्या वाक्याला तिनं पण हूं दिला. मग आमचा खेळच झाला तो. एक हूं माझा, एक तिचा. ऊन तिच्या पायावरनं भिंतीवर गेलं तरी आम्ही ऐकत होतो. हिरवं बटण काही आलं नाही. मी म्हटलं राहू दे, उद्या पुढचं ऐकू. आपल्याला कुठं जायचंय.

दुसऱ्या दिवशी ऐकलं. मग रोजच. दुपारचं जेवण झालं की मी मोबाईल तांब्याला टेकवायचो.

मेहरुननं एकदा भिंतीपलीकडनं हाक मारली. "काका, दुपारची पोथी लावलीय काय?"

"पोथी नाही गं, मोबाईलच्या अटी!"

"या अल्ला! आमी तर त्या कदी बगत पन नाय. आनि तुमी हुंकार देऊन ऐकताय?"

"बाई बिचारी घसा सुकवून वाचते."

मेहरुन हसली आणि आमचे डबे वाजले.

५

एका दुपारी वाक्य संपलं तेव्हा मी चहाचा घोट घेत होतो आणि दुर्गाबाईचा डोळा लागला होता. हूं कुणी दिलाच नाही. बाई थांबली होती. मी घोट गिळला तरी थांबलेलीच. मी कप खाली ठेवला. मोबाईल बंद पडला म्हणावं तर आतनं श्वास ऐकू येत होता. कुणी उंबऱ्यात उभं राहून, आत येऊ का, असं विचारून गप्प राहावं, तसा. मी हूं म्हणालो. तिनं लगेच पुढचं वाक्य घेतलं.

मला गंमत वाटली. मी परत करून बघितलं. गप्प बसलो. ती थांबली. तांब्यातल्या पाण्यावर पंख्याची सावली फिरत होती, ती मी बघत बसलो. ती थांबूनच. हूं म्हटलं, चालू.

संध्याकाळी मी शर्मिलाला म्हणालो, "अगं, हे हुशार आहे. हूं म्हटल्याशिवाय पुढं जात नाही."

तिनं मोबाईल घेऊन बघितला. "कसं ऐकेल ते? माईकची परवानगीच दिलेली नाही. ती तर अटी मान्य झाल्यावर मागतात." मग बोट सरकवलं. "आणि आबा, हे एवढंसं तर आहे. एक पान पण नाही. तुम्ही इतके दिवस काय ऐकताय?"

मी मोबाईल हातात घेऊन वरखाली करून बघितला.

"डुलकी लागत असेल तुम्हाला. परत पहिल्यापासून लागत असेल ते."

तसंच असेल. म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागते, त्यात नवल काय? मी अंथरुणावर पडून आठवायला लागलो, की आज तिनं काय वाचलं. एक वाक्य आठवेना. हेल आठवत होता, श्वास आठवत होता. इतक्या दुपारी ऐकलं, मान डोलावली, हूं दिला, पण कशाला दिला म्हणून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

६

मग दुर्गाबाईचा हूं हलायला लागला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

मी काही सांगायला लागलो की तो उशिरा यायचा. आधी वाटलं थकली असेल. पण बाईनं वाक्य संपवलं की तो लगेच यायचा, टवटवीत. माझ्या गोष्टीला मात्र मागं वळून बघितल्यासारखा. मी तिला सांगितलं की आज दिवाळे गावातली मासळीवाली बोंबील घेऊन आली होती, तुला आवडतात म्हणून घेतले. मी थांबलो. ती माझ्याकडं बघत होती, डोळ्यांत सगळं होतं, ओठ हलवत होती. हूं आला नाही. मी मोबाईल लावला. बाईनं वाक्य वाचलं. हूं. खोल, लांब, पटल्याचा.

मी खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला असा राग शोभत नाही, पण आला.

तो राग दुसऱ्या दिवशी गेला, आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. बाई वाचत होती. दुर्गाबाईचा हूं आला. मी सहज तिच्याकडं वळलो तर ती झोपली होती. तोंड मिटलेलं. गालावर उशीची घडी उमटलेली. मी वाकून बघितलं. बाईनं पुढचं वाक्य संपवलं. दुर्गाबाईच्या ओठांवर माशी बसली होती, ती उडाली नाही, आणि हूं आला. कॉटवरनं नाही. कॉटच्या मागनं, भिंतीकडनं, जरा खालनं.

माशी शेवटी मीच उडवली.

मी मोबाईल बंद केला आणि तिला हलवून जागं केलं. "दुर्गा," म्हटलं. मी तिला नावानं कधी हाक मारत नाही. "दुर्गा, हूं म्हण." तिनं तोंड उघडलं. तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसली. आवाज आला नाही. ती परत परत तोंड उघडत होती आणि माझ्याकडं बघत होती, की काय झालं, आत्ता तर इथं होता.

७

श्रुती मॅडम म्हणाल्या, असं होतं आबा, या आजारात खालवर होतंच, धीर सोडू नका. शर्मिलानं माझं ऐकून ॲप काढून टाकलं. ती मला वेड्यात काढणारी सून नाही. "नकोच ते," म्हणाली, "आईंना तुमचाच आवाज बरा." मी मोबाईल बंद करून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला.

हूं परत आला नाही. मी रोज सांगत होतो. थांबत होतो. नुसता पंख्याचा आवाज. मला दुसरं काही नको होतं. तिनं चालावं, बोलावं, असं माझं मागणं कधीच नव्हतं. तिचा तेवढा हूं तिला परत मिळावा, बस.

एका दुपारी ती झोपली होती आणि मी असाच बसलो होतो. मग ध्यानात आलं की घर थांबलंय. कसं सांगू? वाचून झालंय, आता तुमचं काय म्हणणं, अशी जी मधली जागा असते ना, ती जागा घरभर पसरली होती. वाचणारी बाई नव्हती. मोबाईल कपाटात मेलेला. पण ती जागा होती, आणि कुणीतरी वाट बघत होतं.

स्वयंपाकघरातनं दुर्गाबाईचा हूं आला.

मी कॉटकडं बघितलं. ती गाढ. परत आला, ओट्याजवळनं, ती भाकरी थापायला उभी राहायची तिथनं. माझं मन म्हणालं, मेहरुनकडचा असेल, भिंत पातळ आहे. पण मेहरुनचा आवाज चिपळीसारखा. आणि दुर्गाबाईचा हूं मला कळणार नाही, असं होईल का? जन्मभर तोच ऐकला मी.

उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो. ओट्यावर पालथी घातलेली भांडी, झाकून ठेवलेली आमटी, नळाखाली ओला फडका. कुणी नव्हतं. फळीवर शर्मिलाचे स्टीलचे डबे. ती ते घासून लख्ख ठेवते. मोठ्या पिठाच्या डब्यात मी मला दिसलो, लांबोडका, दारात उभा. आणि माझ्या आणि ओट्याच्या मधे कुणीतरी होतं. डब्यात होतं. खोलीत बघावं तर रिकामी फरशी. परत डब्यात बघितलं. ते माझ्याकडं पाठ करून नव्हतं, तोंड करूनही नव्हतं. बाजूनं उभं होतं, मान कलती करून, कान माझ्याकडं करून. माणूस नीट ऐकू यावं म्हणून कान पुढं करतो तसं. फक्त तो कान जिथं संपायला पाहिजे तिथं संपत नव्हता.

पुढचं मी बघितलं नाही. फरशीकडं बघत उभा राहिलो.

८

मार्केटात आमच्या हमालांच्या टोळीत बदली द्यायची रीत होती. एखाद्याची पाठ धरली, ताप आला, तर दुसरा त्याच्या जागी उभा राहायचा. मुकादमाला विचारायचं नाही, कागद नाही, काही नाही. नुसतं म्हणायचं, याच्या बदली मी आहे. गोणी पाठीवर घ्यायची. मुकादमाला गोणी उतरल्याशी मतलब, पाठ कुणाची का असेना.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी फरशीकडं बघतच म्हणालो, "ती आजारी माणूस आहे. तिचं तिला देऊन टाका. तिच्या बदली मी आहे."

माझाच आवाज मला परका वाटला. भांड्यावरनं एक थेंब निथळला. ती जागा तशीच, थांबलेली.

मी हूं म्हणालो.

जरा वेळ गेला. परत ती जागा आली. हूं. परत. मी उंबऱ्यावर बसलो, माझ्या नेहमीच्या जागी, आणि देत राहिलो. भीती वाटत होती का? सुरुवातीला वाटत होती. मग पाठीवरनं एकेक गोणी उतरत जावी तसं व्हायला लागलं. काय मान्य करत होतो ते मला कळत नव्हतं, पण ते आधीही कळत नव्हतं, आणि आता निदान कशासाठी ते माहीत होतं. ऊन मोरीच्या खिडकीत आलं आणि गेलं. शेवटचा हूं मला छातीत जाणवला, कानाला आला नाही.

आणि पुढच्या खोलीतनं आवाज आला.

"हूं?"

वर जाणारा. मग, पुढं काय झालं?

मी धडपडत गेलो. ती जागी होती, माझ्याकडं बघत होती आणि अर्ध्या तोंडानं हसत होती. मला म्हणायचं होतं, आलो गं, आलो. तोंड उघडलं. गळा हलला. एवढंच.

९

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले, आवाजाला काही झालेलंच नाही. त्यांचं खरं असेल. धक्का बसला असेल, वय झालं असेल. मी स्वतःलाही हेच सांगतो. बायको अंथरुणाला खिळलेली, घर दुपारभर सुनं, म्हाताऱ्याचं डोकं कुठंही जातं. डबा मी परत निरखून बघितला. नुसता डबा आहे. फक्त मी शर्मिलाला खुणेनं सांगून तो खालच्या कपाटात ठेवायला लावला.

शर्मिला फार रडली. दिलीप शिफ्टवरनं आला की थेट माझ्याजवळ येऊन बसतो. त्यांना कसं सांगू, की मी आनंदात आहे? म्हणून हे लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आहे, सावकाश वाचा.

आता असं चालतं. दुर्गाबाई सांगते आणि मी ऐकतो. हो, सांगते! हूं तर रोज असतोच, पण परवा तिनं मला हाक मारली. "आवं," म्हणाली. स्पष्ट. लग्न झाल्यापासून ती मला तेच म्हणते. मग खिडकीकडं बोट करून बराच वेळ काहीबाही सांगत होती. त्यात मला 'पोपट' एवढं कळलं. मधे ती थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मला हुंकार देता येत नाही. मी कॉटच्या लोखंडी पट्टीवर बोटानं टक् करतो. तिला ते पटलंय. टक् ऐकलं की पुढं सांगते. श्रुती मॅडम म्हणाल्या, आबा, ही तर कमालच आहे.

जन्मभर मी बोललो आणि ती ऐकत राहिली. आता तिची बारी. मला यात तोटा कुठं दिसत नाही.

आज सकाळी मेहरुन वाटीत शिरखुर्मा घेऊन आली. तिनं वाटी माझ्या हातात दिली नाही, आधी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता. मी खुणेनं विचारलं, काय झालं? तशी ती हसायलाच लागली.

"काका, तुमी तर छुपे रुस्तम निघालात! आवाज गेला, आवाज गेला म्हनून आमाला रडवलंत, आनि तिकडं मोबाईलमधी नोकरी धरली व्हय? मी काल ते गॅसचं नवीन ॲप घेतलं ना, त्यातल्या अटी तुमीच वाचताय की! तोच हेल, मधी तसाच दम खाता. आता नाय म्हनू नका, शेजाऱ्याचा आवाज मला कलनार नाय काय? काम टाकून ऐकत बसले बगा. आनि काय गोड वाचता हो, वाक्य संपवून तुमी थांबलात की माज्या तोंडातनं आपोआप हूं निगतो. लई हाय, अजून संपलं नाय. आता जाते नि पुढचं ऐकते."